दोडक्या-काकडीच्या रोपांची दरवर्षी चाळण होते? भुंगेऱ्याचा मातीतला मुक्काम शोधा

बी टोकलं, चार-पाच दिवसांत दोन जाड दलं वर आली, आणि आठव्या दिवशी सकाळी पाहावं तर त्यांना मुगाएवढी गोल भोकं. दहाव्या दिवशी नुसता देठ उभा. साताऱ्यात आमच्या घरामागच्या परसात सलग तीन पावसाळे हेच झालं. पहिल्या वर्षी मी चिमण्यांना दोष दिला, दुसऱ्या वर्षी गोगलगाईंना, तिसऱ्या वर्षी बियाण्याला. चौथ्या वर्षी सकाळी साडेसहाला वाफ्याशेजारी पाट टाकून बसले, तेव्हा दलांवर बसलेले नारिंगी-तांबडे, चकचकीत भुंगेरे दिसले. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, खालून काळे. थंडाव्याने सुस्तावलेले होते, हाताने धरता येत होते. ऊन चढल्यावर मात्र बोट जवळ नेलं की भुर्रकन उडायचे, म्हणून इतकी वर्षं दिसले नव्हते.

मग मी जुन्या मच्छरदाणीचा कपडा कामट्यांच्या कमानीवर ताणला, कडा मातीत गाडल्या आणि नव्याने बी लावलं. बारा दिवसांनी पाहिलं तर जाळीच्या आत भुंगेरे! जाळी कुठेही फाटलेली नव्हती. ते बाहेरून आलेच नव्हते, त्याच वाफ्यातल्या मातीतून वर आले होते.

हे कळल्यावर माझी सगळी पद्धत बदलली. भुंगेरा आपल्याला पानावर दिसतो ते त्याचं फक्त वरचं आयुष्य. त्याची अळी बहुतेक वेळा मातीत, शेणखतात किंवा पानाच्या खालच्या अंगाला वाढत असते. आपण वरचे वेचतो, फवारतो, आणि खालची पिढी तशीच राहते. तक्रार वर्षानुवर्षं परत येते ती यामुळेच. म्हणून खाली लिहिताना प्रत्येक भुंगेऱ्याची दोन्ही ठिकाणं सांगते आहे.

खाल्लेल्या पानावरून चोर ओळखा

भुंगेरा हजर नसला तरी त्याची खाण्याची पद्धत पानावर उमटलेली असते. काकडी, दोडका, भोपळा, घोसाळी यांच्या कोवळ्या पानांना गोल आरपार भोकं असतील तर ते तांबडे भुंगेरे. वांग्याच्या पानाचा हिरवा गर खरवडून शिरांची जाळी उरली असेल, पान वाळून तपकिरी कागदासारखं झालं असेल, तर एपिलॅक्ना नावाचा ठिपकेवाला भुंगेरा. गुलाबाची पानं कडेने वेडीवाकडी कुरतडलेली आहेत आणि दिवसा झाडावर काहीच सापडत नाही, तर रात्री येणारे तपकिरी भुंगेरे. रात्री आठ-नऊला टॉर्च घेऊन जा, पानांवरच सापडतील.

पण गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गुळगुळीत अर्धगोल कापलेले असतील तर थांबा. तो भुंगेरा नाही, ती पानकापी माशी. ती पान खात नाही, तुकडा कापून घरट्याला अस्तर लावायला नेते. परागीभवन करणारी एकटी राहणारी मधमाशीच आहे ती. चार पानं गेली तर जाऊ द्या, फवारा मारू नका.

जास्वंदीच्या आणि भेंडीच्या फुलांच्या पाकळ्याच गायब होत असतील, आणि साधारण श्रावण-भाद्रपदात काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले लांबट भुंगेरे फुलात बसलेले दिसले, तर ते हिंगे. काही भागांत त्यांना सोसे म्हणतात. यांना उघड्या हाताने कधीही धरू नका, मुलांना आधी सांगून ठेवा. अंगातून निघणाऱ्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घालून किंवा काठीने साबणाच्या पाण्यात पाडा. यांच्या अळ्या मात्र जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, तेव्हा दोन-चार हिंगे दिसले म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

आणि वर पान शाबूत आहे, पाणी नीट दिलं आहे, तरी रोप दुपारी माना टाकतं, दोन दिवसांत पिवळं पडतं आणि उपटलं तर सहज हातात येतं, मुळं कुरतडलेली दिसतात, तर मातीत हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी जाड अळी आहे. तिच्याबद्दल सविस्तर पुढे.

तांबडे भुंगेरे: जाळीच्या आत का आले

मादी वेलाच्या बुंध्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालते. त्यातून निघालेल्या पिवळट पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या बारीक अळ्या मुळं आणि जमिनीलगतचं खोड पोखरतात. मातीला टेकलेलं फळही खालून पोखरतात. काकडी वरून छान आणि उलटी केली की किडकी निघते, त्यातली काही या अळ्यांची कामगिरी असते. अळी पुरती वाढली की मातीतच कोष करते. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत हे सगळं साधारण एक ते दोन महिन्यांत होतं.

आता माझी चूक बघा. उन्हाळी काकडीचा वेल मे अखेरीस संपला होता. सुकलेला वेल तसाच मांडवावर राहिला, आणि मृगाचा पाऊस पडताच त्याच वाफ्यात मी दोडका टोकला. म्हणजे मातीत कोष तयार होते आणि वर मी त्यांच्यासाठी ताजी दलं वाढून ठेवली. वर जाळी टाकून त्यांना बाहेर जायची वाटही बंद केली.

सध्या मी असं करते, आणि गेले तीन हंगाम रोपं वाचली आहेत.

वेल संपला की आठवडाभराच्या आत मुळासकट उपटते. वाफा बोटभर खोल, शक्य तिथे वीतभर, खुरप्याने उलटा-पालटा करते आणि पंधरा दिवस उन्हात उघडा ठेवते. साळुंक्या लगेच येतात. त्यांचं काम चालू असताना मी तिकडे फिरकत नाही. त्या वाफ्यात पुढचं पीक मेथी, लाल माठ किंवा मुळा, वेलवर्गातलं काहीही नाही. जागा अगदीच कमी असेल आणि वेलच हवा असेल तर कारलं लावा. तांबडे भुंगेरे कारल्याकडे फारसे वळत नाहीत.

नवीन वेलासाठी नवा वाफा, आणि जाळी तिथे. चार-पाच खरी पानं येईपर्यंत जाळी राहू द्या. खरा धोका दलं आणि पहिल्या दोन पानांच्या काळातच असतो, वेल एकदा मांडवाला लागला की थोडी भोकं त्याला सोसतात. फुलं यायच्या आत जाळी काढायलाच हवी, नाहीतर माश्या येणार नाहीत आणि फळ धरणार नाही.

सकाळी सात वाजायच्या आत वेचणं हा अजूनही माझा मुख्य उपाय आहे. एका हातात साबणाच्या पाण्याचं पातेलं पानाखाली धरायचं, दुसऱ्या हाताने पान झटकायचं. पहिले दहा दिवस रोज. चुलीची राख मिळत असेल तर दवाने ओल्या पानांवर फडक्यातून हलकी भुरभुरा. आईच्या घरी हेच करायचे आणि त्याचा उपयोग होतो, फक्त पावसाची सर आली की पुन्हा टाकावी लागते. फळं मातीला टेकू देऊ नका, भोपळ्याखाली कौलाचा तुकडा किंवा वीट सरकवा.

वांग्यावरचा ठिपकेवाला: मित्र की शत्रू

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, आणि नुकसान आपलंच होतं. माव्याचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडींचा, फडशा पाडणारा ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, आणि वांग्याचं पान खाणारा एपिलॅक्ना हे एकाच कुळातले. दोघेही अर्ध्या वाटाण्यासारखे घुमटाकार, दोघांच्या पाठीवर काळे ठिपके.

फरक असा ओळखा. ढालकिड्याची पाठ पॉलिश केल्यासारखी चकाकते. एपिलॅक्नाची पाठ मंद, तांबूस तपकिरी असते आणि तिच्यावर बारीक लव असते, नीट पाहिलं तर मखमलीसारखी दिसते. वांग्यावरच्या नेहमीच्या जातीला पाठीवर 28 ठिपके असतात, प्रत्येक पंखावर 14. दुसरी एक 12 ठिपक्यांची जातही आढळते. ठिपके मोजत बसायचं नसेल तर अळी बघा, ती अजिबात फसवत नाही. एपिलॅक्नाची अळी पिवळी, जाड, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेली, पानाच्या खाली चिकटून बसलेली, हळू. ढालकिड्याची अळी लांबट, काळी-करडी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी, आणि माव्यामागे सतत पळत असते. अंडी दोघांचीही पिवळी, उभी, घोळक्यात असतात. आजूबाजूला मावा असेल तर अंडी बहुधा ढालकिड्याची. वांग्याच्या स्वच्छ पानाखाली, शेजारी खरवडल्याच्या खुणा असतील तर एपिलॅक्नाची.

हा फरक माहीत नसताना मी एकदा दुकानातून आणलेलं औषध वांग्यावर आणि शेजारच्या चवळीवर सरसकट मारलं. भुंगेरे मेले, पण चवळीवर मावा खात असलेले सगळे ढालकिडेही मेले. पंधरा दिवसांत चवळीचे शेंडे माव्याने काळे झाले. दुकानदाराने काय किडा आहे हे विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

एपिलॅक्नाचा कोष मातीत होत नाही, पानावरच होतो. म्हणून हा सगळ्यात सोपा भुंगेरा आहे. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा, अंड्यांचे पुंजके अंगठ्याने चिरडा, अळ्या पाण्यात पाडा. तीन आठवडे नेमाने केलं की साखळी तुटते. अंडी तीन-चार दिवसांत उबतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पुरत नाही. यात एक अपवाद लक्षात ठेवा. एखादी अळी फुगलेली, तपकिरी, कडक झालेली आणि पानाला चिकटलेली दिसली तर ती राहू द्या. तिच्या आत पेडिओबियस नावाची बारीक गांधीलमाशी वाढते आहे. अंगावर भोकं दिसली तर माशा बाहेर पडून पुढच्या अळ्या शोधायला गेल्या असं समजा. ही माशी आपल्या इथली, आणि इतकी गुणाची की अमेरिकेत घेवड्यावरच्या अशाच भुंगेऱ्यासाठी ती भारतातून नेली गेली.

झाडं जास्त असतील आणि वेचणं होत नसेल तर निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो, म्हणून संध्याकाळ. भुंगेरे तडकाफडकी मरत नाहीत, त्यांचं खाणं मंदावतं आणि अळ्यांची वाढ अडखळते. आठ दिवसांनी पुन्हा.

कुंडीत पांढरी जाड अळी निघाली

गच्चीवर बाग करणाऱ्या मैत्रिणी मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. कुंडी बदलायला घेतली आणि इंग्रजी सी आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या निघाल्या. बहुतेकजणी सगळ्या मारून टाकतात. तसं करू नका, आधी परीक्षा घ्या.

अळी सपाट फरशीवर ठेवा आणि मिनिटभर पाहा. ती उताणी होऊन, पाय वर करून, पाठीवर सरपटत निघाली तर ती फुलभुंगेऱ्याची अळी. तिचं डोकं अंगाच्या मानाने लहान, पाय आखूड. ती कुजलेला पालापाचोळा आणि शेण खाते, मुळांच्या वाटेला सहसा जात नाही. तिला कंपोस्टच्या पिंपात टाका, ती तुमचं खत करून देईल. पाठीवर न चालता कुशीवर वेटोळं करून पडणारी, डोकं मोठं तांबूस, पाय लांब, ती हुमणी. ही मुळं खाते. आणि अंगठ्याएवढी जाड, लांबलचक निघाली तर ती शेणखतातून आलेली गेंड्या भुंग्याची. जवळपास नारळ असेल तर तिला सोडू नका.

हुमणीचं वर्ष आपल्या पावसाशी बांधलेलं आहे. वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या दमदार सरीनंतर संध्याकाळी, दिवेलागणीला, तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. तिथे खातात, जुळतात आणि पहाटेच्या आत मातीत परततात. मादी मातीत अंडी घालते, दोन आठवड्यांच्या आत अळ्या निघतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्या मोठ्या झालेल्या असतात आणि नुकसान तेव्हाच दिसतं. पुढे थंडीच्या सुमारास कोष, आणि तयार भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत मातीतच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या उसाच्या गावांत म्हणूनच पहिल्या पावसानंतर सगळे मिळून झाडं हलवून भुंगेरे गोळा करतात. अंडी घालायच्या आत सापडलेली एक मादी म्हणजे पुढच्या डझनावारी अळ्या टळल्या.

घरच्या बागेलाही हेच लागू आहे. पहिल्या पावसानंतरच्या चार-पाच संध्याकाळी सोडू नका. दारातल्या कडुनिंबाखाली जुनी चादर पसरा, आकडीने फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्याच्या बादलीत. गच्चीवर झाड नसेल तर परातीत पाणी घेऊन वर बल्ब टांगा, साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर दिवा बंद करा, रात्रभर ठेवला तर उपयोगी किडेही मरतात. सापळा लावणार नसाल तर निदान त्या आठवड्यांत गच्चीवरचा दिवा विनाकारण जळत ठेवू नका. ओल्या कुंड्या आणि वर उजेड हे त्यांना आमंत्रणच आहे.

शेणखत मे महिन्यात आणा, ताडपत्रीवर पातळ पसरून तीन-चार दिवस कडक ऊन द्या आणि मोठ्या भोकाच्या चाळणीने चाळून मगच कुंडीत घाला. अर्धवट कुजलेलं खत कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. माझ्या मते गच्चीवरच्या अळ्यांचं निम्मं मूळ तिथेच आहे. कुंडी भरताना मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

ऑगस्टमध्ये रोप माना टाकू लागलं तर पाणी वाढवत बसू नका, कुंडी उलटी करा. दहा मिनिटांचं काम आहे. अळ्या वेचा, कुरतडलेली मुळं छाटा, नव्या मातीत लावा, दोन दिवस सावलीत ठेवा. वाफ्यात हे शक्य नसतं, तिथे मेटारायझियम ही बुरशी कामाला येते. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून ओल्या मातीत, संध्याकाळी, बुंध्याशी ओता. कोरड्या तापलेल्या मातीत ती टिकत नाही. बुरशीनाशक त्याच आठवड्यात दिलंत तर पैसे वाया गेले. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. मेलेली अळी कडक होऊन तिच्यावर हिरवी पूड आलेली दिसली की बुरशी लागू पडली.

नारळ

कोकणातल्या परसासाठी थोडक्यात. उमललेल्या झावळीची पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी, पंख्यासारखी दिसली तर गेंड्या भुंगा. शेंड्यातल्या भोकातून वाकड्या तारेने तो ओढून काढतात. मग वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात भरतात. हा भुंगा झाडावर वाढत नाही, शेणाच्या खड्ड्यात वाढतो. खड्डा दर दोन महिन्यांनी उपसून अळ्या काढल्याशिवाय झाडावरचे उपाय पुरत नाहीत. आणि जखम उघडी ठेवू नका, तिच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो झाड आतून पोखरतो.

हे करून काहीच होत नसेल तर

तीन गोष्टी तपासा. एक, तुम्ही बीटी, म्हणजे जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक, मारताय का? दुकानात सहज मिळणारं बीटी पतंगांच्या अळ्यांसाठी असतं, भुंगेऱ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. दोन, पिवळे चिकट सापळे मावा आणि पांढऱ्या माशीसाठी आहेत, त्यावर भुंगेरे आटोक्यात येण्याची वाट पाहू नका. तीन, जुन्या पुस्तिकांमध्ये तांबड्या भुंगेऱ्यासाठी कार्बारिल आणि हुमणीसाठी फोरेट ही रासायनिक कीटकनाशकं लिहिलेली अजून सापडतात. 2018 च्या आदेशाने कार्बारिलवर देशात बंदी आली, आणि त्याच आदेशाने फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून बंद झालं. कपाटात जुना डबा उरला असेल तर घरच्या भाजीवर त्याचा कणही टाकू नका.

तरीही ओळख पटत नसेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. नुसतं खाल्लेलं पान नेऊ नका, फोटोही पुरत नाही. झाकणाच्या छोट्या बाटलीत दोन-तीन भुंगेरे, सोबत खाल्लेलं पान, आणि मातीत अळी सापडली असेल तर तीही थोड्या मातीसकट वेगळ्या डबीत. बाटलीवर तारीख, सापडल्याची वेळ आणि झाडाचं नाव लिहा. वेळ लिहायला विसरू नका, दिवसा येणारा आणि रात्री येणारा हा फरक सांगणाऱ्याला पहिल्याच मिनिटात हवा असतो.